मुख्तारचा रिकामा बाक

नेरच्या मुख्तार गादीवाल्याच्या दुकानात त्या हिवाळ्यात गिऱ्हाइकं कमी आणि मांजरीला भेटायला येणारेच जास्त. सकाळी शटर वर करायचा अवकाश, कोणीतरी दारात उभंच.

"मुख्तारभाऊ, शब्बो हाय का?"

गादीचं नाव नाही, उशीचं नाव नाही. मुख्तारचं डोकं सकाळी सातलाच तापायचं.

"हाय ना! बाईसाहेब आंघोळीले गेल्या. बसा, चहा पिता का?"

झालं होतं असं, की शंकरसिंगच्या डेअरीतून महिनाभर लोण्याचे गोळे गायब होत होते. शंकरसिंगनं कुलूप बदललं, नोकर बदलला, देवाला नारळ फोडला. शेवटी मुख्तारच्या दुकानातली ही करडी मांजर तीन दिवस शेजारच्या कंपाउंडरच्या स्कूटरपाशी ठाण मांडून बसली. लोकांनी स्कूटरची डिकी उघडली, तर आत लोणी. तेव्हापासून गावानं तिला जासूस करून टाकलं. हरवलेली किल्ली, पळालेली कोंबडी, मशिदीबाहेरून गेलेली चप्पल, सगळ्यांची तक्रार ठाण्याच्या आधी मुख्तारच्या दुकानात. मांजर लोण्याच्या वासाला गेली होती, इतकी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात शिरेना. सांगून सांगून मुख्तारचं तोंड दुखलं.

ते सालच मुळात वैतागाचं होतं. दोन हजार सतरा. गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून खाल्लेली, बाजारात यायचा तो कापूस पिवळट आणि किडका. असल्या रुईची नवी गादी कोण शिवणार? मग लोक माळ्यावरच्या जुन्या गाद्या काढून आणत, त्या उसवायच्या, पिंजायच्या आणि पुन्हा भरायच्या. त्यात वीज दिवसातून चार वेळा जायची. वीज आली की पिंजायच्या मशीनचा पट्टा तुटायचा, आणि पट्टा जोडला की मुख्तारला धुळीचा खोकला यायचा.

एका गोष्टीचा मात्र त्याला भारी अभिमान होता. मशीनसमोर भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. पिंजाऱ्याच्या दुकानात असा बाक असतोच. गादी पिंजायला दिली की घरातलं एक माणूस त्यावर बसून राहतं, पिंजारी आपली चांगली रुई काढून घेऊन हलकी तर भरत नाही ना, हे बघायला. सगळीकडे बसतात. मुख्तारच्या बाकावर मात्र तीस वर्षांत कोणी बसलं नव्हतं. लोक गादी टाकायचे आणि बाजाराला निघून जायचे. "मुख्तारभाऊकडं काय बसाचं?" म्हणायचे. हे नाव त्याच्या अब्बांनी कमावलं होतं, आणि मुख्तारनं ते राखलं होतं. म्हणून तो बाक रिकामा होता, आणि रिकामा म्हणून त्यावर शब्बो झोपायची.

लग्नसराई सुरू झाली आणि मंगल कार्यालयाच्या रूपसिंगनं एकदम वीस गाद्या पिंजून मागितल्या. मुख्तारनं निळ्या पट्ट्यांच्या कापडाचं अख्खं थान आणलं. त्याच गडबडीत विठ्ठलराव आपल्या आईची, म्हणजे इंदूबाईंची, गादी घेऊन आले.

"येत्या गुरुवारी माह्या खुशीचं लगन हाय. बुढीची गादी पोरीसंगं द्याची हाय. पिंजून नवं कापड घालून द्या. मले पंचनाम्याले जा लागते, तलाठी वावरात येऊन राह्यला."

ते बाकाकडे न बघताच निघून गेले.

गादी पन्नास वर्षांची होती आणि मुख्तारच्या अब्बांनी भरलेली. घरच्या कापसाची, सरकी हातानं काढलेली, म्हणजे निम्मी सरकी आतच राहिलेली. अशा गादीत उंदीर घर करतात. शब्बो त्या गादीवर जी चढली ती उतरेचना. तिसऱ्या दिवशी तिनं आतून उंदराचं एक पिल्लू ओढून काढलं आणि आणखी असतील म्हणून पुन्हा तिथंच बसली.

शनिवारी दुपारपर्यंत कार्यालयाच्या वीस गाद्या कशाबशा झाल्या. मग वीज गेली. चारला आली आणि पट्टा तुटला. पट्टा जोडेपर्यंत खोकल्यानं मुख्तारच्या बरगड्या दुखायला लागल्या. इंदूबाईंची गादी तेवढी राहिली होती. त्यानं गादीकडे बघितलं, मग बाकाकडे बघितलं. बाक रिकामा होता.

"कोण पाह्यते?" तो स्वतःशीच म्हणाला.

त्यानं गादी बाहेर नेऊन काठीनं बडवली आणि न उसवता जुन्या खोळीवरच त्याच निळ्या पट्ट्यांच्या कापडाची नवी खोळ चढवली. शिवायला बायकोकडे दिली. फरहानाला गादी हातात घेताच कळलं.

"पिंजली नाही?"

"लगन झाल्यावर पिंजून देईन. तू शिव."

फरहाना शिवायला बसली. पण दोरा गरजेपेक्षा जास्त जोरानं ओढत होती.

रविवारी टेम्पोवाल्या जमीरनं गाद्या पोचवल्या, आधी एक विठ्ठलरावांकडे आणि मग वीस कार्यालयात. सोमवारी सकाळी इंदूबाई स्वतः दुकानात आल्या. मागे विठ्ठलराव, तोंड फुगवून. म्हातारी बहिणीला लग्नाचं आवतण द्यायला चार दिवस उमरखेडला गेलेली, आदल्या संध्याकाळच्या एसटीनं परतलेली.

"मुख्तार, बाबू, गादी लय मऊ केली तू," इंदूबाई म्हणाल्या. "आता माही एकदाणी दे."

"कोणती एकदाणी, काकू?"

"सोन्याची. उशाकडच्या कोपऱ्यात चिंधीत बांधून शिवली होती ना म्या. सगळ्या जावा-नणंदा लग्नाले मागत होत्या घालाले, म्हणून लपवली. खुशीच्या गळ्यात घालाची हाय. मी घरी नव्हतो, अन् ह्यानं तशीच गादी आणून टाकली तुह्याकडं. तू उसवली तव्हा सापडलीच असन."

मुख्तारच्या तोंडून तीस वर्षांची सवय बोलली. "काकू, माह्या हातानं उसवली, माह्या हातानं पिंजली. चिंधी नाही का काही नाही."

शब्द बाहेर पडले आणि मग त्याच्या ध्यानात आलं. इंदूबाई मऊ म्हणाल्या होत्या. न पिंजलेली गादी मऊ कुठून होणार? म्हणजे त्यांच्या घरी गेलेली गादी त्यांची नव्हतीच! त्यांची कार्यालयात गेली होती. पण हे सांगायचं कसं? गादी बदलली एवढंच म्हटलं, तरी उसवताना एकदाणी सापडायला हवी होती. आणि उसवलीच नाही म्हणावं, तर आत्ताच तोंडानं काय म्हटलं होतं?

"मंग सोनं काय रुईसंगं उडून गेलं?" विठ्ठलराव गरजले. "संध्याकाळलोक पाह्यतो, नाही तं ठाण्यात जातो!"

"चूप रे," इंदूबाई म्हणाल्या. "मुख्तार चोर नाही. त्याच्या बापानं भरली होती ही गादी."

शिवी दिली असती तर बरं, असं मुख्तारला झालं.

ते गेल्यावर त्यानं जमीरला गाठलं. जमीरनं हात दाखवला, त्यावर चार ओरखडे होते.

"त्या तुमच्या शब्बोनं केलं हे! इंदूबाईच्या गादीवर बसून होती, उठेचना. म्हटलं, साऱ्या एकसारख्याच हायेत, बाजूची टाकली टेम्पोत. कार्यालयाच्या खेपेले उठली बाईसाहेब."

मुख्तारनं कपाळावर हात मारला. गावभर चोर पकडत फिरते म्हणे, आणि घरच्याच माणसाला चोर करून ठेवलं! रागारागानं परत येऊन त्यानं मांजरीला मागच्या खोलीत कोंडलं. तोवर दुकानापुढे दहा-बारा लोक जमले होते. नौशाद मेकॅनिक सगळ्यात पुढे.

"भाऊ, शब्बोले कामाले लावा ना! एका घंट्यात एकदाणी काढते ते."

"मांजर हाय ते! जनावर!" मुख्तार इतक्या जोरानं ओरडला, की सगळे दोन पावलं मागे सरले.

लोक पांगल्यावर फरहाना म्हणाली, "सांगून टाका आता."

"काय सांगू? चोर नाही, लबाड हाय म्हणून?"

"व्हय. तेच."

"तीन वाजता रूपसिंग गोदाम उघडून देते. एका गादीची शिवण उसवली म्हणून सांगतो आणि चुपचाप घेऊन येतो. उसवतो, पिंजतो, एकदाणी त्याईच्या हातात देतो. कोणाले काय समजते?"

"त्या बुढीनं चोर नाही म्हटलं तुमाले," फरहाना म्हणाली, "अन् तुमी तिच्यासंगं अजून लबाडी करता?"

मुख्तार पाठ फिरवून मशीन पुसायला लागला. तीनला पाच कमी असताना तो एकटाच कार्यालयात गेला, आणि दारातच त्याचे पाय थबकले. सभागृहात निळ्या पट्ट्यांच्या वीस गाद्या ओळीनं अंथरलेल्या. भिंतीला लागून इंदूबाई, विठ्ठलराव, नवरी खुशी, नौशाद, रूपसिंग आणि अर्धी गल्ली उभी. मधोमध फरहाना, तिच्या कडेवर कोंडीतून सोडवलेली शब्बो. सगळ्यांना तिनंच बोलावून आणलं होतं. नवऱ्याकडे तिनं सरळ बघितलं आणि मांजरीला खाली सोडलं.

शब्बोला काही घाई नव्हती. तिनं अंग ताणलं. पंजा चाटला. लोक माना पुढे काढून बघत होते. मुख्तारला दारातूनच दिसत होतं, दुसऱ्या ओळीतली चौथी गादी. इतर एकोणीस सपाट पडलेल्या, हीच मधे उंच आणि कडेला गाठाळ. आंधळ्यालाही कळलं असतं, पण सगळे मांजरीकडे बघत होते. पुढे होऊन गादी उचलावी आणि पळत सुटावं, असं त्याला वाटलं. पण तो दारातच उभा राहिला.

शब्बो तीन गाद्या हुंगून पुढे गेली. चौथीवर चढली, नाक खुपसलं आणि कोपरा खरवडायला लागली.

"घ्या! सापडलं!" नौशाद ओरडला. खिशातलं ब्लेड काढून त्यानं तो कोपरा आरपार कापला. आत हात घालून चाचपलं आणि चिंधीची एक पुरचुंडी बाहेर काढली. इंदूबाईंनी गाठ सोडली. एकदाणीचे मणी खिडकीतल्या उन्हात चमकले. टाळ्या पडल्या. कोणीतरी शब्बोसाठी दूध आणायला पळालं. विठ्ठलराव ओशाळून पुढे आले आणि मुख्तारचा हात धरून म्हणाले, "भाऊ, चुकलं माह्यं. गादी बदलली होती, बस. माफ करा."

क्षणभर मुख्तारला वाटलं, सुटलो.

खुशी गादीपाशी वाकली होती. कापलेल्या निळ्या कापडाच्या आत तिनं बोट घातलं.

"आजी, आत तं आपली जुनीच खोळ हाय. लाल फुलांची. सरकीबी हाय, उंदराच्या लेंड्याबी हायेत. हे तं उसवलीच नाही कोणी."

टाळ्या थांबल्या. विठ्ठलरावांनी धरलेला हात सोडला.

"तुमी तं म्हणले, माह्या हातानं पिंजली?"

"नाही पिंजली," मुख्तार म्हणाला. "लाईट नव्हती. पट्टा तुटला होता. खोकला..." आणि त्याला स्वतःच्याच बोलण्याचा वीट आला. "कोणी पाह्यत नव्हतं, म्हणून नाही पिंजली."

इंदूबाईंनी एकदाणी खुशीच्या हातात दिली. मग वाकून त्यांनी खोळीवरच्या लाल फुलांवरून हात फिरवला.

"चल दुकानात," त्या म्हणाल्या. "गादी घे. पिंजाची हाय ना अजून?"

मुख्तारनं गादी डोक्यावर घेतली. भर बाजारातून तो पुढे, मागे म्हातारी, तिच्या मागे फरहाना आणि मांजर. कोणी हसलं नाही. हसले असते तर त्याला भांडता तरी आलं असतं.

दुकानात पोचताच शब्बो उडी मारून बाकावर जाऊन पसरली. इंदूबाईंनी तिला उचललं आणि खाली ठेवलं. पदरानं बाकावरची धूळ पुसली. तीस वर्षांची धूळ एका पुसण्यात जात नाही, म्हणून दुसऱ्यांदा पुसली. आणि बसल्या.

"काकू, तुमी घरी जा. मी करतो ना बराबर. अल्लाची कसम."

"मालूम हाय. मी बसतो अठीच. तू कर."

नेमकी त्या दिवशी वीज गेली नाही, पट्टा तुटला नाही. अब्बांनी घातलेला एकेक टाका मुख्तारनं उसवला. तीन तास मशीन चाललं आणि तीन तास म्हातारीची नजर त्याच्या हातावर होती. खोकला आला तेव्हा तिनं फरहानाला पाणी आणायला सांगितलं, पण जागची उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, तर दारात एक बाई उभी होती. डोक्यावर गादी.

"शब्बो आत हाय," मुख्तार आपणहून म्हणाला.

बाईनं शब्बोचं नावसुद्धा काढलं नाही. गादी खाली ठेवली आणि आत डोकावली.

"बसाले जागा हाय ना, भाऊ?"

मुख्तारनं मांजरीला बाकावरून उचललं आणि बाईला जागा करून दिली.