ढिली फळी

चामोर्शीकडं सुताराला वाढई म्हणतात. तिथल्या एका गावात वारलू वाढयाला अक्कल असलेला माणूस एकच भेटला होता, आणि तो म्हणजे वारलू वाढई. बाकी सगळा भुसा. त्यात प्रफुल म्हणजे तर कहर. आयटीआयचा कागद घेऊन आलेला हा पोरगा झिरीला ग्रूव्ह म्हणायचा आणि खाचेला डॅडो. फळी बसवायची चीर लाकडाच्या रेषेनं उभी कोरली की झिरी, रेषेला आडवी कोरली की खाच, एवढ्यासाठी शाळा?

"माह्या बकरीले बी शिकवलं असतं," वारलू म्हणायचा.

एप्रिलात त्यानं गुणवंतरावांच्या घराला सागाचा दरवाजा केला. गुणवंतराव मंदिर कमिटीचे अध्यक्ष. हा दरवाजा मनात भरला, तर पोळ्यानंतर मंदिराचे पाचही दरवाजे वारलूचे, असं ठरलेलं. बापाला, आज्याला जे काम कधी मिळालं नाही, ते आपल्या हातून व्हावं म्हणून तो किती वर्षं झुरत होता.

गुणवंतरावांनी दरवाज्यावर बोटं वाजवली. मधली फळी झिरीत जराशी हलली.

"वारलू, हे तं ढिली हाय. प्रफुल घट्ट बसवते म्हनतेत."

जागा वारलूनं मुद्दाम सोडली होती. उन्हाळ्यात वाळलेली फळी पावसाळ्यात फुगते, तिला सरकायला वाव लागतो. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण ज्याला साग आणि बाभूळ ओळखता येत नाही, त्याच्यापुढं तोंड काय झिजवायचं?

"घट्ट पाह्यजे? घ्या घट्ट."

त्यानं झिरीत चिकटवायचा सरस ओतला, पाचरी ठोकल्या. घरी येऊन बायकोला, सुकरीला, हसत म्हणाला, "फाटू दे. मंग समजन बुढ्याले."

सुकरी तांदूळ निवडत होती. "फाटल्यावर नाव कोनाचं निघन, त्याईचं का तुमचं?"

वारलूनं तिलाही भुशात जमा केलं.

श्रावणात फळी पोट काढून फुगली, मधोमध फाटली, दरवाज्याचे कोपरे उघडे पडले. वारलूचा दरवाजा फाटला, हे गावभर झालं. गुणवंतरावांनी प्रफुलला बोलावलं. वारलू मजा पाहायला समोरच्या ओट्यावर जाऊन बसला. पोरगा पुन्हा सरस ओतणार, याची त्याला खात्रीच होती.

प्रफुलनं फळीभोवतीचे दांडे सुटे केले, पाचरी उपटल्या, झिरी खरवडून साफ केली. नवी फळी बसवली आणि बोटानं हलवून दाखवली.

"काका, हे ढिलीच राहू द्या. पावसात फुगते, जागा लागते तिले."

"असं होय," गुणवंतराव म्हणाले. त्यांना तेवढंच पुरलं. मग ते ओट्याकडं वळले. आवाजात राग नव्हता. "वारलू, तुले हे नव्हतं माहीत का?"

माहीत होतं म्हणावं, तर जाणूनबुजून दरवाजा नासवला असं ठरतं.

"नव्हतं," तो म्हणाला.

"मंदिराचं माप घ्याले उद्या ये," गुणवंतरावांनी प्रफुलला सांगितलं.

फळीला फुगायला जागा राहावी म्हणून वारलूनं जास्तीची खोल कोरलेल्या त्या सरळ झिरीवरून प्रफुलनं नुकताच अंगठा फिरवला होता. तो नुसता वारलूकडं बघत राहिला.