मीटरात न आलेले किलोमीटर

बन्सीलालशेठ गाडीतनं उतरले की आधी वाकून मीटर बघणार, मग चप्पल घालणार! जुन्नरच्या पेठेत कापडाचं दुकान, दारात दहा वर्षांची जुनी डिझेल गाडी, आणि तिचं सगळं मीटरवर. ऑइल मीटर बघून, फिल्टर मीटर बघून. कमरुद्दीनचाचा मेकॅनिकनं मागं इंजिनातला दातेरी पट्टा बसवतानाच सांगितलं व्हतं, "टायमिंग बेल्ट साठ हजारला बदलू, शेठ." मीटर त्रेपन्न दाखवत व्हतं. शेठ निवांत.

आणि त्यांचा पोरगा अरिहंत, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, त्यानं काय करावं? चातुर्मासात शेठ पायी जैन स्थानकात जायचे, महाराजसाहेबांचं प्रवचन ऐकून तिथनं पायीच दुकानात. गाडी अर्धा दिवस दारात उभी. मग हा बॉनेट उघडायचा, मीटरची केबल गिअरबॉक्सपासून सोडायचा आन् दोस्तांना घेऊन सुटायचा. आहुपे, माळशेज, कुठंबी. परत आला की केबल जाग्यावर, डिझेल जेवढ्याला तेवढं, मीटर जिथल्या तिथं. दोन चातुर्मास चाललं राव हे!

तर क्षमा मागायचा संवत्सरीचा दिवस झाला, आन् दुसऱ्याच दिवशी शेठना शिनोलीला जुन्या गिऱ्हाइकाकडं जायचं निघालं. अरिहंत चालवत व्हता. घोडेगाव मागं पडलं, आन् गाडी गप्प. धक्का न्हाई, धूर न्हाई, बोलता बोलता माणूस थांबावा तशी. चावी मारली तर स्टार्टर सुळसुळ फिरतोय, लई हलका, आत इंजिनच नसल्यासारखा.

शेठनी चालत शिनोली गाठून फोन केला, तास-दीड तासात चाचा जीप घेऊन हजर. कव्हर काढलं, बोटानं बेल्ट ओढला. तुटलेला, निम्मे दात झिजून गेलेले.

"व्हॉल्व्ह वाकलं असणार. इंजिनाचं हेड उतरवावं लागंल."

"तुमी साठ हजार म्हणाला व्हता, कमरुद्दीनभाई. त्रेपन्न झालेत."

चाचांनी बेल्ट हातात फिरवला. "मंग मलाच जुना पडून राहिलेला माल आला असंल, शेठ. माझी चूक."

"वीस वर्षं डोळे मिटून गाडी दिली तुमाला. आता नारायणगावच्या गॅरेजला दाखवतो."

शेठ जिथं गाडी दुरुस्तीला लावणार, तिथं सगळी पेठ लावणार. चाचांना ते म्हाईत व्हतं, अरिहंतलाबी. चाचा हत्यारं गोळा करायला वाकले, आन् मीटरच्या केबलच्या नटावर त्यांची नजर थांबली. आजूबाजूला सगळं काळं, चिकट, आन् तो नट पान्यानं घासून घासून चकाकतोय. चाचांनी अरिहंतकडं बघितलं. फडक्यानं हात पुसले.

कालच त्यानं घरोघरी हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटलं व्हतं, पप्पांनाबी, आन् मनातल्या मनात केबल त्यातच धरून मोकळा झाला व्हता. काल कुणी विचारलं नव्हतं, कशाबद्दल? आज त्याची चूक चाचा आपल्या नावावर घेऊन उभे व्हते.

"पप्पा, मीटर खोटं हाये."

सगळं सांगितलं. केबल, पाना, आहुपे, सगळं.

"किती किलोमीटर?" शेठनी विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"अंदाजे?"

"खरंच न्हाई म्हाईत. मोजणारंच सोडून ठेवत व्हतो ना मी."

शेठ चाचांकडं वळले. "तुमाला कळलं व्हतं?"

"नट दिसला, शेठ."

"मंग बोलला का न्हाई?"

"पोरगं तुमचं. त्याच्या तोंडचं मी कसं बोलू?"

शेठनी तिथंच रस्त्यावर चाचांपुढं हात जोडले. "गाडी तुमच्याकडंच न्यायची." जाऊन जीपमधी बसले.

दोर बांधला. चाचा खिडकीशी आले, "इंजिन बंद हाये, बेटा. ब्रेक दगडासारखा लागंल, सगळा जोर लावून दाब. दोर ढिला पडू देऊ नको." गाडी निघाली. एवढी जड गाडी अरिहंतनं कधी चालवली नव्हती, राव. स्टेअरिंग वळवायला खांद्याचं बळ लागत व्हतं, आन् समोर जीपच्या मागच्या काचेतनं पप्पांची टोपी. ती काय वळंना.

घोडेगावला जीप थांबली. शेठ उतरले, मागं आले, दार उघडून अरिहंतच्या शेजारी बसले.

"कुठं कुठं गेला व्हतास? पयल्यापासून सांग."

"सगळं?"

"सगळं. जुन्नरपर्यंत येळ हाये."

दोर ताणला गेला. अरिहंतनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, आन् पयल्या दिवसापासून सांगायला लागला.