दुसऱ्या टोकाची गाठ

थोरल्यानं कमरेची गाठ बांधली, ओढून पाहिली, सोडली आणि चौथ्यांदा बांधायला घेतली. डावखुरा माणूस, एरवी त्याचा डावा हात डोळे मिटून गाठ मारायचा. आज तोच हात नवख्यासारखा चाचपडत होता.

"मिस्त्री, चढणार की इथंच मुक्काम?" मागून धाकट्यानं विचारलं.

धाकटा म्हणजे पाठचा, सख्खा भाऊ. नऊ वर्षांत हे पहिलं वाक्य, आणि त्यातही 'मिस्त्री'.

"चढतो," थोरला म्हणाला.

मनोरा प्रार्थनामंदिराचा. त्याची उंची कुणी मोजली नव्हती. पण मंडळीतली म्हातारी माणसं शपथेवर सांगत, की वरची कबुतरं दाणे टिपायला खाली निघतात ती वाटेत दोनदा विसावतात. तर या मनोऱ्याच्या शेंड्याला घंटा, आणि घंटेची तुळई तडकलेली. उद्या रविवार. अख्खी मंडळी, कडेवरच्या पोरांसकट, त्याच घंटेखालून आत येणार. आज तुळईला लोखंडी पट्टा बसलाच पाहिजे.

अर्ध्यापर्यंत लाकडी जिना होता. पुढं भिंतीत रोवलेल्या सळया, एका पावलापुरत्या. थोरल्याच्या कमरेचा दोर वर कप्पीवरून फिरून खाली येत होता आणि खांबाला दोन वेढे घेऊन धाकट्याच्या हातात जात होता. नेहमीचा जोडीदार तापानं आडवा झालेला. प्रार्थनामंदिराच्या पाळकांनी सहज बोलावं तसं म्हटलं होतं, "मग धाकट्याला विचारतो." लोकांनी कपाळाला हात लावला. ज्याच्या गाठीनं बाप पडला, त्याच्या हाती दोर? तसा जीव सोपवायला सगळ्या मंडळीत एकच माणूस तयार झाला, तो थोरला. का तयार झालास, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीला रंग देताना बापाची फळी एका अंगानं सुटली होती. फळीला दोन दोर. एका टोकाची गाठ थोरल्याची, दुसऱ्या टोकाची धाकट्याची. बाप तीन माळे खाली आला. दवाखान्याच्या दारात कुणीतरी विचारलं, "सुटली ती गाठ कुणाची?" आणि थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "धाकट्याची." धाकट्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाप दोन वर्षं धाकट्याच्या घरी खाटेला खिळून होता, मग गेला. धाकट्याला पुन्हा कुणी दोराचं काम दिलं नाही. तो खुर्च्या विणू लागला.

जिना संपला. थोरल्यानं पहिल्या सळईवर पाय ठेवला. खालून दोर ताणला गेला, जेवढा हवा तेवढाच. हात तोच होता, काही विसरलेला नव्हता.

मागल्या रविवारी पाळक सांगत होते, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं आठवलं, भावाचं माझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा, त्याच्याशी समेट कर. 'आधी' हा शब्द त्यांनी तीनदा म्हटला, तोही छताकडे बघत. छताकडे बघून बोलणाऱ्या माणसाची नजर नेमकी कुठं असते, हे दोषी माणसाला बरोबर कळतं.

घरी बायको म्हणाली होती, "भाऊजी नऊ वर्षं आपल्या उंबऱ्याला शिवले नाहीत. काय असेल ते एकदा मिटवा की."

"बघू."

"तुमच्या 'बघू'ला दाढी आली."

थोरल्यानं मग मनातल्या मनात देवाशी घासाघीस केली. सांगतो, पण काम उरकून, पाय जमिनीला लागल्यावर. तुला काय, तासभर अलीकडे किंवा पलीकडे! वर चढताना तो हेच घोकत होता. खाली मात्र बघत नव्हता. खाली दोर होता, आणि दोराच्या टोकाला एक माणूस होता. त्याला आताच खरं कळलं तर?

अकराव्या सळईला त्यानं हात घातला आणि सळई भिंतीतून उपटून हातात आली.

पुढं काय झालं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पाय सुटले, भिंत वर पळाली, कमरेला असा हिसका बसला की दुपारचं जेवण घशाशी आलं. मग तो मनोऱ्याच्या पोटात मधोमध झुलू लागला, भिंतीपासून हातभर लांब. हातातली सळई सुटून पडली. ती तळाला पोचल्याचा आवाज इतक्या उशिरा आला, की तोवर माणसानं सगळ्या नातेवाइकांचा निरोप घेतला असता.

"लागलं?" खालून प्रश्न आला.

"नाही."

"हलू नका. ओढून घेतो."

हाच क्षण होता. गप्प राहिलं असतं तर निभावून गेलं असतं. धाकट्यानं वाचवलं होतं, काही ठाऊक नसताना वाचवलं होतं. आणि थोरल्याला एकदम कळलं, की जमिनीवर पोचल्यावर आपण पुन्हा 'बघू' म्हणणार. नऊ वर्षं पाय जमिनीवरच तर होते.

"ती गाठ माझी होती," तो म्हणाला.

मनोरा मोठा चहाडखोर. बोललेलं नुसतं खाली पोचवत नाही, चारदा घोळवतो. माझी होती, माझी होती, माझी होती. थोरल्याला आपलंच बोलणं चारही भिंतींकडून ऐकावं लागलं.

मग दोर सुटला. वीतभरच. त्यानं डोळे घट्ट मिटले.

दोर थांबला. खाली काहीतरी खसफसत होतं. मग तो ताणला गेला, पहिल्यापेक्षा घट्ट, आणि हळूहळू थोरला भिंतीकडे, चांगल्या सळईकडे सरकला.

"पट्टा बसवा," आवाज आला. त्या आवाजात काय होतं, इतक्या उंचीवरून कळत नव्हतं.

त्यानं पट्टा बसवला. एकेक बोल्ट आवळताना त्याला वाटत होतं, आता सुटेल. हे संपेपर्यंत थांबलाय, घंटेसाठी थांबलाय, मग सोडेल. उतरताना प्रत्येक सळईवर तो थांबायचा, आणि प्रत्येक वेळी दोर तेवढाच ढिला व्हायचा, जेवढा हवा.

पाय जमिनीला लागले तेव्हा गुडघे टेकले. त्यानं मान वर केली. दोराचं मोकळं टोक जमिनीवर पडलेलं असायला हवं होतं. ते धाकट्याच्या कमरेला बांधलेलं होतं.

वर असताना वीतभर दोर का सरकला, ते थोरल्याला तेव्हा समजलं. गाठ मारायला धाकट्याला एक हात दोरावरून काढावा लागला होता.

"तुला राग..." तो म्हणाला.

"त्याच दिवशी कळलं होतं," धाकटा खांबाचे वेढे उलगडत म्हणाला. "फळीचं दुसरं टोक लटकत राहिलं होतं ना? ती गाठ शाबूत होती. उजव्या हाताची होती. माझी."

"मग बोलला का नाहीस?"

"बाबा नको म्हणाले. म्हणाले, तो येईल सांगायला. तू आधी बोललास तर त्याची यायची वाट बंद होईल." धाकट्यानं तळहाताकडे पाहिलं. दोरानं सोललेला होता. तो त्यानं पँटला पुसला. "दोन वर्षं दाराकडे तोंड करून निजायचे."

बाहेरून पाळकांचा आवाज आला, "झालं का रे?"

थोरला गुडघ्यांवरच पुढं सरकला आणि भावाच्या कमरेची गाठ सोडायला लागला. आधी डाव्या हातानं, मग दोन्ही हातांनी, मग दातांनी. गाठ तसूभर हलली नाही.

"ती नाही सुटायची, दादा," धाकटा म्हणाला.