मार्गासनीच्या जीपचं सरळ म्हणणं

मी जुनी आहे, हे मला मान्य आहे. माझा हिरवा रंग कडांना उडालाय, छताची ताडपत्री ठिकठिकाणी शिवलेली आहे आणि थंडीत मी एका हाकेला उठत नाही. पण मित्रांनो, मला कुणी खटारा म्हटलं की अजूनही माझं डोकं तापतं. मागच्या हिवाळ्यात तर मला गावानं पनवती म्हटलं, आणि माझ्या स्नेहलला त्याहूनही वाईट बोललं. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून सांगते.

माझा जन्म नाशिकच्या कारखान्यातला. तिथून मला मार्गासनीला आणलं कुंडलिक आबांनी. तेव्हा ते तरुण होते आणि त्याआधी त्यांनी फक्त बैलगाडी हाकली होती. शेजारच्या साळूबाईंनी माझ्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. वेल्ह्यापासून नसरापूरपर्यंतचा रस्ता मी किती वेळा तुडवला याचा हिशेब नाही. राजगड चढायला आलेली पोरं, लग्नाची वऱ्हाडं, अडलेल्या बाया, भाताची पोती, सगळं मी वाहिलं. एसटी चुकली तरी लोक निवांत असायचे, कारण मागून कुंडलिक आबांची जीप येणार हे त्यांना ठाऊक होतं.

पुढे घरोघरी मोटरसायकली आल्या. आबांचा गुडघा धरला. मी गोठ्याशेजारी उभी राहिले ती उभीच राहिले. एका कोंबडीनं माझ्या मागच्या सीटवर संसार थाटला. राग यायचा, पण सांगणार कुणाला?

त्या कोंबडीला हुसकावून लावलं ते आबांच्या मुलीनं, स्नेहलनं. तिनं रीतसर लायसन काढलं. मार्गासनीच्या मुलींना नसरापूरच्या कॉलेजात जायला एसटीची वेळ जुळत नव्हती. त्यातल्या काही जणींचं शिक्षण त्यापायी सुटायला आलं होतं. स्नेहल म्हणाली, मी नेते. ती मला रोज सकाळी काढायची, मुलींना न्यायची, दुपारी परत आणायची. सुरुवातीला आबा शेजारी डाव्या सीटवर बसायचे. पण स्वतःच्या गाडीत डावीकडे बसायची त्यांना सवय कुठली? वळण आलं की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. शेवटी ते यायचेच बंद झाले. म्हणाले, डोळ्यांनी बघवत नाही. स्नेहलला ते लागलं.

मग इंद्रजितला सुचलं. हा स्नेहलचा चुलत भाऊ, वरव्याजवळच्या एका कारखान्यात कामाला. मनानं चांगला, पण मोबाईलवर उंच केलेल्या जीपा बघून बघून त्याचं डोकं फिरलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो मित्रांना घेऊन आला आणि आमच्याच अंगणात त्यानं मला उंच केलं. माझे झिजलेले पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, काढून नवे कडक पाटे घातले. पाटे चासीला जोडणारे शॅकल असतात, ते काढून दुप्पट लांबीचे लावले. मला आधी कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. सगळी आळी मला बघायला जमली होती.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आले आणि माझं मलाच कळेना. जरा वेग घेतला की मी डाव्या-उजव्या अंगाला भटकायची. खड्ड्यातून गेले की स्टिअरिंगला हिसका बसायचा. स्नेहलनं घरी येऊन सांगितलं की गाडी हातात राहत नाही. इंद्रजित म्हणाला, नवीन आहे, हात बसेल. आबांनी मात्र बैलगाडीचा विचार केला. रिकामी बैलगाडी दगडावर उड्या मारते आणि वजन पडलं की खाली बसते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. अंगणात बांधकामाची वाळू उरली होती. ती पोत्यांत भरून त्यांनी माझ्या अगदी मागच्या फळीला लावून ठेवायला लावली. मुलींच्या पायांत अडचण नको, म्हणून शक्य तितकी मागे.

झालं! माझं बूड दबलं आणि नाक वर गेलं. पुढची चाकं रस्त्यावर नुसती टेकल्यासारखी राहिली. मी ओरडून सांगत होते, करकरून सांगत होते, पण जुन्या गाडीचं करकरणं कोण मनावर घेतं?

आंबवण्याच्या अलीकडे एक वळण आहे. त्या सकाळी समोरून टेम्पो आला. स्नेहलनं मला डावीकडे घेतलं, ते बरोबरच होतं. टेम्पो गेल्यावर तिनं मला सरळ करायला बघितलं आणि मी सरळ झालेच नाही. चर ओलांडून मी भाताच्या खाचरात जाऊन थांबले. भात काढून झाला होता म्हणून निभावलं. मुली घाबरल्या. बाजाराला निघालेल्या साळूबाई मागे बसल्या होत्या, त्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं. बाकी कुणाला काही झालं नाही.

पण गावाला तेवढं पुरलं. पोरीच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार, आणि त्यात ही जीप पनवती, असं जो तो म्हणू लागला. टेम्पोवाल्याला कुणी विचारलं नाही, माझ्याखाली कुणी वाकून बघितलं नाही. मुलींच्या आयांनी मुलींना पाठवणं बंद केलं. आबांनी माझी किल्ली स्नेहलकडून घेतली आणि देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवली. भोरहून एक भंगारवाला मला बघायला आला. माझ्यावर टकटक करून म्हणाला, बाकी काही नाही, पाटे तेवढे नवे दिसतात. म्हणजे ज्यांनी माझी चाल बिघडवली, तेवढ्यांचंच कौतुक! रविवारी येऊन घेऊन जातो, असं ठरवून तो गेला.

दोन दिवस गेले. मग स्नेहलनं गोणपाट अंथरलं आणि ती माझ्याखाली शिरली. माझ्या आयुष्यात बायका माझ्यात बसल्या होत्या, माझ्याखाली शिरलेली ही पहिलीच. तिनं गोठ्यातून जुने शॅकल आणून नव्यांच्या शेजारी धरले. स्टिअरिंगचा दांडा तिरका झालेला तिला दिसला. ब्रेकची नळी ताणून बसलेली दिसली. ती बाहेर आली ती थेट घरात गेली, किल्ली घेतली आणि आबांच्या पुढ्यात धरली.

"आबा, पुलापर्यंत तुमी चालवा. मग रविवारी खुशाल द्या तिला."

आबांनी गुडघ्याचं कारण सांगून पाहिलं. ती हलली नाही. शेवटी ते उठले. खूप दिवसांनी त्यांचे हात माझ्या स्टिअरिंगवर आले आणि मला भरून आलं. पण मी ठरवलं होतं, आज काही झाकायचं नाही. जशी केली आहे तशीच चालून दाखवायची. पुलाच्या वळणावर आबांनी मला वळवलं आणि सवयीप्रमाणे हात सैल सोडला. इतकी वर्षं मी तिथून आपली आपण सरळ व्हायची. त्या दिवशी झाले नाही. तशीच कठड्याकडे निघाले. आबांनी दातओठ खाऊन मला ओढलं आणि ब्रेक दाबला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

शेजारी बसलेली स्नेहल त्यांच्याकडे वळली. तिनं विचारलं, "आबा, बैलगाडी मागं जड झाली, उलाळ झाली, तर तुमी काय करता?"

"काय करनार? वझं पुढं घ्यायचं. न्हाईतर जू वर उठतंय, बैलाच्या गळ्याला फास बसतोय."

"मग हितं वझं कुठं टाकलंय आपण?"

आबा खाली उतरले. मग लंगडत मागे आले आणि वाळूची पोती स्वतः ओढून रस्त्याकडेला टाकली. एकेक पोतं पडेल तसं माझं नाक खाली आलं. ते परत येऊन डाव्या बाजूला बसले आणि किल्लीकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरी, गाडी तुज्या हातनं गेली न्हाई. आमच्या हातनं गेली."

त्याच दिवशी मला हळूहळू कापूरहोळला नेलं. इंद्रजित पुढे मोटरसायकलवर, मागे मी. तिथल्या गॅरेजवाल्या भिमानं स्नेहलचं सगळं ऐकून घेतलं. उंच केल्यानं पुढचा आस, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, किंचित फिरला आणि चाकांचा कल बिघडला, म्हणून स्टिअरिंग परत येत नाही, असं त्यानं समजावलं. जुने शॅकल परत लावले. नवे पाटे ठेवले, पण त्यांच्या आणि आसाच्या मध्ये लोखंडी पाचर घालून कल जागेवर आणला. ब्रेकची नळी बदलली, चाकांचं अलाइनमेंट केलं. इंद्रजितनं स्वतःच्या हातानं बसवलेले बोल्ट स्वतःच्या हातानं सोडले. त्याचं तोंड उतरलं होतं, पण तो शेवटपर्यंत थांबला. रविवारी भंगारवाला आला, त्याला चहा मिळाला.

सोमवारी सकाळी स्नेहलनं मला काढलं. थांब्यावर एकही मुलगी नव्हती. फक्त साळूबाई बाजाराची पाटी घेऊन उभ्या होत्या, एसटीची वाट बघत. त्या माझ्याकडे बघायलाही तयार नव्हत्या. तेवढ्यात त्यांना डाव्या सीटवर आबा दिसले. त्या मागे चढल्या आणि दांडा दोन्ही हातांनी धरून बसल्या.

आंबवण्याचं वळण आलं. स्नेहलनं मला वळवलं आणि हात सैल सोडले. मी माझी मी सरळ झाले. साळूबाईंनी आबांच्या पायाकडे बघितलं. पाय हलला नव्हता. आबांची मान छातीवर पडली होती आणि ते घोरत होते.

साळूबाईंनी संध्याकाळी गावात एवढंच सांगितलं, "कुंडलिक लेकीच्या गाडीत झोपला व्हता. त्याच वळणावर."

दुसऱ्या दिवशी थांब्यावर मुली उभ्या होत्या. काहींच्या आयाही सोडायला आल्या होत्या.

मित्रांनो, गाडी बिघडली तर जरूर बोला. पण आधी चालवणाऱ्याच्या हातांकडे बोट दाखवू नका आणि गाडीचं वय काढू नका. आपण तिला काय केलं, ते खाली वाकून बघा. आणि एवढं सांगूनही मला खटारा म्हणायचंच असेल, तर एकदा मार्गासनीला या. स्नेहल चालवत असताना माझ्या डाव्या सीटवर बसा, आणि नसरापूर येईपर्यंत जागं राहून दाखवा.