डावा डोळा

"हे ससे बागेसाठी आणलेत, मुलांना खेळायला. एवढंच लिहिलंय. खाली सही करा," मॅनेजरसाहेब म्हणाले.

मावशींनी कागद वाचला आणि परत त्यांच्याच हातात ठेवला. काजळ-लिपस्टिकच्या या कारखान्यात एकवीस वर्षं त्या सशांची खोली सांभाळत होत्या. कायद्याने चाचण्या बंद झाल्या, डब्यांवर सशाचं गोंडस चित्र आलं, खाली 'प्राण्यांवर चाचणी नाही' अशी ओळ आली. खोलीतलं काम मात्र गेल्या आठवड्यापर्यंत बिनबोभाट चालू होतं. आज ती ओळ खरी की खोटी हे बघायला तपासनीस बाई आल्या होत्या.

"आठ महिन्यांनी निवृत्त व्हायचंय तुम्हाला," साहेब कुजबुजले. "उगाच पायावर धोंडा मारून घेऊ नका."

"पाय माझा, धोंडाही माझा. तुम्ही कशाला घाबरता?"

बाईंनी एकेक पिंजरा वाकून पाहिला. "डोळे तर स्वच्छ दिसतायत सगळ्यांचे." साहेबांच्या जिवात जीव आला.

"आठ दिवसांत निवळतात, बाई. आता बघा." मावशींनी एप्रनच्या खिशातून रिकामा ड्रॉपर काढला आणि पिंजऱ्यांसमोरून चालू लागल्या. "थेंब नेहमी डाव्या डोळ्यात टाकायचा. उजवा तसाच ठेवायचा, ताडून बघायला."

अकराच्या अकरा ससे उठले आणि डावी बाजू मागच्या पत्र्याला चिकटवून बसले.

"ससे भित्रेच असतात हो," साहेब हसायला गेले.

बाईंनी मावशींना उलट्या बाजूने चालायला लावलं. एकही ससा वळला नाही; डावा डोळा पत्र्याकडेच राहिला.

"थेंब कोण टाकायचं?"

"मी," मावशी म्हणाल्या. बोलताना लाज वाटली, पण मान खाली गेली नाही. "माझं नाव आधी लिहा. मग हुकूम कोणाचा होता तेही सांगते."

"मावशी, तुम्हीही सुटणार नाही यातून," बाईंनी सावध केलं.

"सुटायचंय कोणाला?"

बाई लिहू लागल्या. मावशींनी ड्रॉपर कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात धुतले आणि पाला घेऊन पिंजरे उघडले. हळूहळू ससे पुढे आले. सगळ्यात म्हातारा ससा तेवढा हलला नाही. मावशींनी पाला त्याच्या तोंडापर्यंत नेला. डावी बाजू पत्र्याला लावूनच तो खात राहिला, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत त्यांनी हात मागे घेतला नाही.