दहापर्यंतचं मौन

"तेलाला हात लावायच्या आधी कोरडा हात लाव. दोन्ही पायांना, एकाच वेळी. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, सुजल्यासारखा वाटला, तर त्याला चोळायचं नाही. सरळ सांगायचं, आधी डॉक्टरकडे जा."

हे सांगताना सासूबाई धाकटीचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरायच्या, जसे काही कान हातांनाच आहेत. कारणही एकदाच सांगितलं होतं त्यांनी. पोटरीत रक्ताची गुठळी असली आणि आपण ती चोळली, तर ती सुटून वर छातीपर्यंत जाऊ शकते. "मग माणूस तुला छान वाटलं म्हणून सांगत दारापर्यंत जातं, आणि…"  

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची ती तळमजल्यावरची खोली आता दोघी जावा चालवत होत्या. आत दोन पलंग, मध्ये पडदा, भिंतीला टेकवून ठेवलेली एक जाड चटई. कोपऱ्यात शेगडीवर पातेलं, त्याच्या वाफेवर पाल्याच्या पुरचुंड्या गरम होत असायच्या. थोरली चटईवर बसवून अंगठ्यानं आणि कोपरानं दाबायची, धाकटी तेल लावायची आणि पुरचुंड्यांनी शेकायची. थोरली बोलायची, धाकटी ऐकायची. सकाळी तर फक्त ऐकायचीच, कारण दहा वाजेपर्यंत तिचं मौन असायचं.

नवरा दुखण्यातून उठला तेव्हा धरलेला हा नेम. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. सकाळची गिऱ्हाइकं ठरलेली, त्यांना सवय झालेली. काय दुखतं, कधीपासून, प्रवास झाला का, औषध चालू आहे का, हे सगळं थोरली विचारून घ्यायची आणि पडद्यापलीकडून मोठ्यानं सांगायची. "ही बोलत नाही आणि मी थांबत नाही," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "दोघी मिळून आमचा हिशेब बरोबर होतो."

त्या दिवशी थोरलीची दाढ ठणकत होती. ती दाताच्या दवाखान्यात गेली होती आणि ग्रंथालयातल्या बाई पावणेनऊलाच दारात उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा दोरीला अडकवलेला. दर पंधरा दिवसांनी खांदे शेकायला यायच्या. पुस्तकांच्या वरच्या फळ्यांनी खांद्यांची वाट लावली होती त्यांच्या.

धाकटीनं हसून मान डोलावली, पलंगावर चादर घातली. अर्धा तास खांदे शेकले. पुरचुंडी वाफेवर धरायची, दाबायची, गार झाली की दुसरी घ्यायची. तिचे तळवे लालबुंद झाले होते.

"जाता जाता ही उजवी पोटरी पण बघता का?" बाई पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "गोळा आल्यासारखं झालंय."

धाकटीनं त्यांचे मोजे काढले, वाटीतलं कोमट तेल घेतलं आणि पोटरी चोळली. "जोर लावा की," बाई म्हणाल्या, तसा तिनं अंगठ्याचा जोर लावला.

निघताना बाई चप्पल घालत म्हणाल्या, "बरं वाटलं हो. परवा पुतण्याकडून आले, चौदा तास बसमध्ये एका जागी. पाय लाकूड झाले होते नुसते." आणि गेल्यासुद्धा.

धाकटीनं हात नळाखाली धरले. थंडीचे दिवस, पाणी गारढोण. लाल तळवे हळूहळू पांढरे पडत गेले आणि तिनं एकदम नळ बंद केला. इतक्या गरम हातांना गरम पाय कळणार कसा? आपण कोरडा हात लावलाच नव्हता. बाई आल्या होत्या खांद्यांसाठी, पायाचं मागाहून निघालं. आणि मोजा काढला तेव्हा उजव्या पायावर इलॅस्टिकची रेघ खोल रुतलेली होती, डाव्यावर नव्हती. डोळ्यांनी पाहिलं होतं की तिनं. मनानं दखल घेतली नव्हती. आणि चौदा तास! थोरली असती तर पहिल्याच दमात हे कळलं असतं. आपण गप्प होतो.

घड्याळात दहाला पंचवीस मिनिटं कमी होती.

ती देवाच्या फोटोसमोर क्षणभर उभी राहिली. हात जोडायलाही थांबली नाही. तेवढ्यात थोरली गालावर हात धरून आत आली.

"ताई, रिक्षा थांबवा!"

थोरली जागच्या जागी थिजली. "अगं बाई! घड्याळ मागे पडलंय की मीच भुलीच्या इंजेक्शनात आहे?"

"ग्रंथालयातल्या बाईंची पोटरी चोळली मी. सुजलेली होती. बसनं आल्यात, चौदा तास."

थोरलीच्या गालावरचा हात खाली आला. तशीच मागे वळून ती रस्त्यावर धावली.

ग्रंथालयात बाई शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होत्या. "तुम्ही बोलताय?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"बाई, खाली उतरा. हळू. पाय दाखवा."

"अहो, आत्ता तर बरं वाटतंय."

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली. वाचायला बसलेली दोन माणसं माना वर करून बघत होती, तरी ती थांबली नाही. "मी आधी विचारायला हवं होतं. न विचारता चोळलं. आत गुठळी असेल तर धोका आहे. माझ्यासाठी म्हणून दवाखान्यात चला."

तिनं गुडघ्यावर बसून आपले गार हात दोन्ही पोटऱ्यांवर ठेवले. उजवी गरम होती. आता लहान मुलालाही कळलं असतं इतकी.

दोघींनी बाईंना आधार देत रिक्षात बसवलं. 

दवाखान्यात सोनोग्राफीला तासभर थांबावं लागलं. बाई चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत. एकदा जोराचा श्वास घेतला त्यांनी, तर दोघी जावा एकदम उठून उभ्या राहिल्या. "जांभई होती," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचेच डोळे भरून आले. "आई घरी एकटी आहे हो. पंच्याऐंशीची. संध्याकाळी सहाला मी खाली बसून तिचे पाय दाबते. त्याशिवाय तिला झोप येत नाही. मला इथं ठेवून घेतलं तर?"

"मी जाईन," धाकटी म्हणाली. "ठेवलं तरी आणि सोडलं तरी. तुम्हाला खाली बसता येईपर्यंत रोज."

बाईंना आत नेलं. दार बंद झालं. धाकटी मनात देवाचं नाव घेत राहिली. काही मागितलं नाही. काय मागावं हेच सुचत नव्हतं.

वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयानं लहान, केसांत पेन खोचलेलं. "गुठळी नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी केसांतलं पेन काढून हातातल्या कागदावर गुडघा रेखाटला.

"गुडघ्यामागे पाण्याची गाठ असते कधीकधी. ती फुटली की पाणी पोटरीत उतरतं. दिसायला अगदी गुठळीसारखंच. आठ-दहा दिवस पाय उंचावर ठेवायचा, जिने नाहीत, मांडी घालायची नाही. त्यानंतर मला परत दाखवायचं. मालिश कोणी केलं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"ही गाठ तुमच्यामुळे फुटली असं मी म्हणणार नाही. पण असा पाय चोळायचा नसतो."

"माहीत होतं मला. तरी चोळला."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग घेऊन आलात ते फार बरं केलंत. गुठळी असती तर या तासाभराचीच किंमत होती."

बाकावर बसल्यावर थोरली आधी हसली, मग रडली, मग दाढेला हात लावून विव्हळली. भूल उतरली होती. "मेलं माझं दातदुखणं तरी थांबून राहिलं होतं इतका वेळ," ती म्हणाली. धाकटीला हसू फुटलं, इतकं की नर्सनं येऊन गप्प बसायला सांगितलं.

"हिला गप्प बसायला सांगताय?" थोरली म्हणाली. "अकरा वर्षांत पहिल्यांदा सकाळची बोलतेय बिचारी."

बाईंना घरी पोचवून दोघी परत निघाल्या तेव्हा दुपार कलली होती. चालताना थोरलीनं हळूच विचारलं, "आणि तुझा नेम गं? मोडला की."

 छातीवरचा दगड उतरल्यावर पाय कसे हलके पडतात ते धाकटीला कळत होतं. "मोडला," ती म्हणाली. "उद्यापासून चारला उठेन. सात वाजेपर्यंत गप्प राहीन, मग खोली उघडेन. नेम माझा आहे, ताई. त्याची झळ दुसऱ्याच्या पायाला कशाला?"

"म्हणजे आता आठ वाजता तूही बोलणार?"

"विचारण्यापुरतं."

"तसं असेल तर चालेल," थोरली म्हणाली. "नाहीतर मला कोण विचारतंय!"

घरी आल्यावर धाकटीनं हातपाय धुतले. रोज ती सहाला दिवा लावायची, आज साडेपाचलाच लावला. "आज जरा लवकर," एवढंच म्हणाली. नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. त्यानं पेपरावरून पाहिलं.

तिनं पदर खोचला, खुंटीवरची शाल घेतली आणि दाराचा आवाज होऊ न देता बाहेर पडली. बाईंच्या आईला सहाची सवय होती.