बहादूरच्या घरचं गाऱ्हाणं

हातखंब्याच्या पुढे, आंब्याच्या बागांमधल्या एका वाडीत सगळे त्याला बहादूर म्हणत. नेपाळी माणूस दिसला की झाला बहादूर. आपल्याकडे दुसरं नाव सुचतंय कुणाला! बागेची राखण करत बावीस वर्षं काढली त्यानं आणि यंदा स्वतःचं चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर बांधलं. गावानं ठरवलं, शिमग्याची पालखी त्याच्याही दारात न्यायची. हा मान काही ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही.

बहादूर हरखला, आणि धास्तावलासुद्धा. पालखी अंगणात टेकली की गावचा मानकरी, गावकार, त्या घरच्या माणसाचं नाव घेऊन देवीला गाऱ्हाणं घालतो, त्याच्यासाठी मोठ्यानं मागणं मागतो. आणि ह्याचं नाव तर दिलमान रोका. रोल्पाच्या डोंगरातल्या मगर जमातीचा. तिकडे युद्ध पेटलं तेव्हा थोरला भाऊ माओवाद्यांबरोबर गेला नि मारला गेला. मग सैनिक रोकांच्या पोरांना नावानिशी शोधू लागले. सतरा वर्षांचा दिलमान सरहद्द ओलांडून पळाला आणि नाव विचारणाऱ्या पहिल्याच माणसाला भीतीनं 'बहादूर थापा' सांगून मोकळा झाला. तेच चिकटलं. युद्ध संपलं, भीती गेली, पण तोवर त्याच्या तोंडात शिवीसुद्धा मराठीच यायला लागली होती.

फोनवर दिलमान म्हणणारी एकटी आई उरली होती. गेल्या श्रावणात तीही गेली. आता ते नाव घेणारं जगात कुणी नव्हतं, आणि ह्या विचारानं त्याचा जीव तुटायचा. निदान देवीपुढे एकदा कुणी ते मोठ्यानं उच्चारावं, एवढंच त्याला हवं होतं.

ढोल वाजवत पालखी आली. सारवलेल्या अंगणात टेकली. म्हाताऱ्या भागोजी गावकारानं नारळ हातात घेतला, तसा बहादूर पुढे झाला.

"काका, माझा खरा नाव घ्या. दिलमान रोका. आईनं ठेवलेला."

भागोजीनं मायेनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, खुळा काय तू? देवीला ह्या नाव कसा कळायचा? बावीस वर्सा ती तुला बहादूर म्हणून राखतेय. आशीर्वाद भलत्यालाच जायचा, बाबा!"

"पण काका..."

भागोजीचा आवाज तोवर चढला होता. "हे देवा म्हाराजा! आमच्या वाडीचा बहादूर थापा आज तुझ्या पायाशी नारळ ठेवतोय. त्याच्या घराला, त्याच्या वंशाला सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

मग सगळे त्याच्याकडे बघत थांबले. घरच्या माणसानंही म्हणावं लागतं, नाहीतर गाऱ्हाणं पुरं होत नाही. शेजारची शकूवहिनी डोळ्यांनी खुणावत होती, बोल रे, बोल! किती कौतुक होतं त्या सगळ्यांच्या तोंडावर. एवढी माणसं दारात आणि इतकं एकटं त्याला कधीच वाटलं नव्हतं, अगदी सरहद्दीवरसुद्धा नाही.

दिलमान रोकानं हात जोडले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."